कडाक्याच्या थंडीत डिझेल गाडी चालू होत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तापमान शून्याखाली गेलं की डिझेल गाडी अडते, पण दर वेळी कारण एकच नसतं. बॅटरी, ग्लो प्लग (सिलिंडर आतून तापवणारी विजेची कांडी) आणि टाकीतलं डिझेल हे तीन वेगवेगळे गुन्हेगार आहेत आणि तिघांवरचे उपायही वेगळे आहेत. लोक बहुतेकदा चुकीच्या गुन्हेगाराला पकडतात: डिझेल गोठलेलं असताना नवी बॅटरी घेतात, नाहीतर ग्लो प्लग मेलेला असताना टाकीत बाटलीभर औषध ओततात. म्हणून सुरुवात निदानापासून.

सकाळी गाडी चालू होत नाहीये. सर्वात आधी काय करू?

आधी कान द्या. काच खाली करा, पंखा-रेडिओ बंद करा, एकदाच सेल्फ मारा आणि इंजिन कसं फिरतंय ते ऐका.

इंजिन जड, रेंगाळत, थांबून-थांबून फिरत असेल किंवा नुसती 'टक' होऊन दिवे मंद होत असतील, तर दोष विजेच्या बाजूला आहे: बॅटरी, टर्मिनल, केबल, स्टार्टर. घट्ट झालेलं इंजिन ऑईलही त्यात भर घालतं.

इंजिन झपाझप फिरतंय पण पकडत नाही, सायलेन्सरमधून पांढरट धूर येतोय: डिझेल पोहोचतंय, जळत नाहीये. संशय ग्लो प्लगवर. झपाझप फिरतंय आणि धुराचा मागमूसही नाही: डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाहीये.

चौथी तऱ्हा सगळ्यात फसवी. गाडी व्यवस्थित चालू होते, गल्लीच्या टोकापर्यंत जाते, मग पिकअप जातो, गचके बसतात आणि बंद पडते. पाइपमध्ये उरलेल्या पातळ डिझेलवर तेवढं अंतर निघतं. तोवर फिल्टरवर थंडीने डिझेलमधून सुटलेलं मेण साचलेलं असतं.

शेजारची पेट्रोल गाडी लगेच चालू होते. डिझेललाच एवढी थंडी का बाधते?

पेट्रोल इंजिनात ठिणगी असते, डिझेलमध्ये नसते. तिथे हवा पंधरा ते वीस पट दाबली जाते, त्या दाबाने ती साधारणपणे ५०० अंश सेल्सियसच्या वर तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. डिझेल स्वतःहून पेटायला २०० अंशांच्या थोडं वर तापमान लागतं, म्हणजे कागदावर भरपूर फरक शिल्लक आहे.

थंडीत तो फरक तीन बाजूंनी खाल्ला जातो. आत येणारी हवाच उणे तापमानाची असते. सिलिंडरच्या गारठलेल्या भिंती दाबलेल्या हवेची उष्णता शोषून घेतात. आणि अशक्त बॅटरीमुळे इंजिन सावकाश फिरलं की दाबलेल्या हवेला पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून निसटायला आणि थंड व्हायला जास्त वेळ मिळतो. त्यामुळे नुसतं इंजिन फिरणं पुरेसं नाही, ते ठरावीक वेगाने फिरावं लागतं. कॉमन रेल गाड्यांत, म्हणजे जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून (रेलमधून) डिझेल मिळतं, आणखी एक अट असते: रेलमध्ये पुरेसा दाब तयार झाल्याशिवाय कंट्रोल युनिट इंजेक्टर उघडतच नाही. फिल्टर अर्धवट तुंबलेला असेल तर तो दाब बनत नाही आणि तुम्ही सेल्फ मारत बसता.

डॅशबोर्डवरचा पिवळा कॉइलचा दिवा विझेपर्यंत थांबायलाच हवं का?

हो. तो दिवा म्हणजे ग्लो प्लग तापतायत याची खूण. धातूचे आधुनिक ग्लो प्लग काही सेकंदांत ८५० ते १००० अंशांपर्यंत जातात, सिरॅमिकचे त्याहून वर आणि त्याहून लवकर. जुन्या गाड्यांत हा काळ बराच लांब असायचा. जर्मन चालक या ताटकळण्याला गमतीने 'रुडॉल्फ डिझेल स्मृतिमिनिट' म्हणत.

खूपच थंडी असेल तर दिवा विझल्यावर चावी बंद करून पुन्हा ऑन करा आणि दुसऱ्यांदा दिवा विझू द्या. मगच सेल्फ. दोन फेऱ्या बहुतेक गाड्यांना पुरतात. सात-आठ फेऱ्या मारल्या तर ग्लो प्लग बॅटरी पिऊन टाकतील; चार प्लग एकत्र तापताना लागणारा करंट चांगलाच मोठा असतो. बटण-स्टार्ट गाड्यांत कंट्रोल युनिट स्वतःच थांबून मग सेल्फ मारतं. तिथे आगाऊ तापवायचं असेल तर बहुतेक मॉडेल्समध्ये ब्रेक न दाबता बटण दाबून इग्निशन ऑन करता येतं.

गाडी चालू झाल्यावरही ग्लो प्लग काही काळ चालूच राहतात. त्याने धूर आणि खडखडाट कमी होतो.

ग्लो प्लग गेलाय हे कसं ओळखायचं?

चार सिलिंडरपैकी एकाचा प्लग मेला तर सौम्य थंडीत पत्ताही लागत नाही. गाडी चालू होते, पहिलं अर्धं मिनिट थरथरते, एका सिलिंडरचा पांढरा धूर सोडते आणि मग सुतासारखी सरळ होते. दोन मेले की कडाक्याच्या थंडीत खरी पंचाईत होते. डायरेक्ट इंजेक्शनची (थेट सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी) बरीच इंजिनं शून्याच्या आसपास ग्लो प्लगशिवायही निभावून नेतात. प्रीचेंबरची (डिझेल आधी छोट्या वेगळ्या कप्प्यात पेटवणारी) जुनी इंजिनं मात्र साध्या गारठ्यातही त्यांच्यावाचून हलत नाहीत.

तपासणी सोपी आहे. प्लगची वायर काढा, मल्टीमीटर ओहमवर ठेवा, एक टोक प्लगच्या माथ्यावर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवा. धातूचा चांगला प्लग एक-दोन ओहमच्या आत रीडिंग देतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली कॉइल तुटली आहे. सगळे प्लग ठीक निघाले तर रिले, फ्यूज किंवा कंट्रोलर बघा.

दोन गोष्टी मात्र करू नका. बॅटरीची वायर थेट लावून प्लग लाल होतो का ते बघणं जुन्या १२ व्होल्टच्या प्लगला चालायचं. नव्या गाड्यांतले बरेच प्लग कमी व्होल्टेजचे असतात, ते अशाने जागीच जळतात. दुसरं, अडकलेला प्लग ताकद लावून काढू नका. तो सिलिंडर हेडमध्येच (इंजिनच्या वरच्या भागात) तुटला तर काही मिनिटांचं काम हेड उतरवण्यापर्यंत जातं. इंजिन गरम असताना, आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून, हळूहळू सोडवा. तरी हलला नाही तर हे काम रोज करणाऱ्याकडे न्या.

डिझेल खरंच गोठतं का?

पाण्यासारखा बर्फ होत नाही. डिझेलमध्ये पॅराफिन विरघळलेलं असतं, म्हणजे मेणबत्तीच्याच जातकुळीतलं मेण. तापमान उतरलं की त्याचे बारीक स्फटिक बनतात आणि डिझेल गढूळ दिसायला लागतं. या तापमानाला क्लाउड पॉइंट म्हणतात. आणखी गार झालं की स्फटिक फिल्टरच्या काही मायक्रॉनच्या छिद्रांवर साचून वाट बंद करतात. प्रमाणित चाचणीत ही मर्यादा मोजतात तिला सीएफपीपी म्हणतात. त्याच्याही खाली पोअर पॉइंट, जिथे डिझेल वाहायचंच थांबतं. गाडी बंद पडायला पोअर पॉइंटपर्यंत जावं लागत नाही, फिल्टर त्याच्या कितीतरी आधी हात टेकतो.

टाकीतलं डिझेल थंडीला पुरेल का, याची घरगुती परीक्षा आहे. काचेच्या छोट्या बाटलीत थोडं डिझेल घ्या, झाकण लावा आणि आगीपासून दूर, रात्रभर बाहेर ठेवा. सकाळी ते पारदर्शक असेल तर चिंता नाही. दुधाळ झालं असेल, तळाशी पांढरा थर दिसत असेल, बाटली तिरकी केल्यावर तो थर आळसावून सरकत असेल, तर तुमच्या फिल्टरमध्ये काय चाललंय ते समोरच दिसतं.

विंटर डिझेल म्हणजे नेमकं काय?

थंडीसाठी वेगळं बनवलेलं डिझेल. रिफायनरीत मेणाचा अंश कमी करतात, हलके घटक वाढवतात आणि स्फटिक मोठे होऊ न देणारी रसायनं मिसळतात. युरोपच्या ईएन ५९० मानकात समशीतोष्ण हवामानासाठी ए ते एफ असे सहा वर्ग आहेत, त्यांची सीएफपीपी मर्यादा अधिक ५ पासून उणे २० अंशांपर्यंत पाच-पाच अंशांनी उतरते. अतिथंड प्रदेशांसाठी ० ते ४ असे आणखी पाच वर्ग आहेत, त्यातला शेवटचा उणे ४४ पर्यंत जातो.

यातला व्यवहाराचा भाग असा: उबदार भागात भरलेली टाकी घेऊन तुम्ही घाट चढून बर्फात मुक्काम केलात, तर टाकीत उन्हाळी डिझेल आणि बाहेर हिवाळा अशी गाठ पडते. गाडीत काहीही बिघाड नसताना ती सकाळी अडते. त्यामुळे थंड प्रदेशात पोहोचताना टाकी रिकामी होत आलेली असावी आणि तिथलं डिझेल पोहोचल्याबरोबर, संध्याकाळीच भरावं. भरल्यावर थोडं अंतर गाडी चालवा, नाहीतर पाइप आणि फिल्टरमध्ये जुनंच डिझेल राहील आणि सकाळी तेच आडवं येईल.

बायोडिझेलचं मिश्रण असेल तर जास्त जपा. बायोडिझेल साध्या डिझेलपेक्षा सहसा लवकर गढूळ होतं; पामतेलापासून बनवलेलं तर शून्याच्या बरंच वर.

डिझेल गोठू नये म्हणून मिळणारं ॲडिटिव्ह टाकावं का?

वेळेवर टाकलं तर उपयोगी. ते स्फटिकांना एकमेकांना चिकटून मोठं होऊ देत नाही, त्यामुळे फिल्टर काही अंश खालीपर्यंत तग धरतो. पण एकदा मेण धरलं की तेच ॲडिटिव्ह ते विरघळवत नाही. म्हणून डिझेल उबदार असताना, टाकी भरण्याच्या आधी ओता म्हणजे नीट मिसळेल. प्रमाण बाटलीवर लिहिलेलंच. दुप्पट टाकल्याने दुप्पट फायदा होत नाही. गोठलेलं सोडवण्यासाठीची औषधं वेगळी मिळतात, खरेदी करताना लेबल वाचून घ्या.

रॉकेल किंवा थोडं पेट्रोल मिसळलं तर? जुने ड्रायव्हर तेच करायचे.

करायचे, आणि त्या काळच्या काही गाड्यांच्या पुस्तिकांतही तशी मुभा असायची. त्यांचे पंप सोसायचे. कॉमन रेलचा पंप हजार बारच्या वर दाब तयार करतो आणि त्याला वंगण मिळतं ते डिझेलचंच. रॉकेलात वंगण कमी, पेट्रोलमध्ये त्याहून कमी. पंप आतून खरवडला गेला की धातूचा कीस रेलमधून इंजेक्टरपर्यंत पोहोचतो आणि सगळी इंधनव्यवस्था बदलायची पाळी येते. पेट्रोलने टाकीतल्या वाफा सहज पेट घेण्याजोग्या होतात, हा धोका वेगळाच. नव्या गाडीत दोन्ही नको.

डिझेल गोठलंच आहे. आता?

सेल्फ मारणं थांबवा. गोठलेल्या डिझेलवर खात्रीचा उपाय एकच, ऊब, आणि तिला वेळ लागतो. गाडी गरम गॅरेजमध्ये ढकलून नेता आली तर काही तासांत काम होतं. ते शक्य नसेल तर फिल्टरवर लक्ष द्या, कारण तुंबलेला तोच असतो: हेअर ड्रायरची हवा द्या किंवा गरम पाण्याच्या पिशव्या भोवती बांधा. उकळतं पाणी वरून ओतणं टाळा, ते वायरिंगमध्ये शिरतं आणि थोड्या वेळाने त्याचाच बर्फ होतो.

नवा फिल्टर बसवला तर तात्पुरती वाट मोकळी होते, पण टाकीतलं डिझेल तसंच असेल तर तोही तुंबतो. फिल्टर बदलल्यावर लाइनमधली एअर काढायला विसरू नका. हँड प्रायमर (हाताने दाबायचा छोटा पंप) असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी काही वेळा ऑन-ऑफ करा.

टाकीखाली शेकोटी किंवा पेटता बोळा धरण्याचे किस्से ऐकायला रंगतदार असतात. गाडीखाली आज प्लॅस्टिकच्या टाक्या आणि पाइप आहेत. हा प्रयोग करू नका.

फिल्टरमध्ये मेणाऐवजी पाण्याचा बर्फही निघू शकतो. डिझेलमधलं पाणी फिल्टरच्या तळाशी साचतं आणि शून्याला गोठतं. हिवाळ्याआधी तळाचा ड्रेन उघडून ते काढून टाका, आणि टाकी अर्ध्याच्या वर ठेवा म्हणजे आत दव कमी धरेल.

बॅटरी काल तर ठीक होती. एका रात्रीत मेली?

मेली नाही, उघडी पडली. उणे १८ अंशांना पूर्ण चार्ज बॅटरीचीही ताकद निम्म्याच्या आसपास येते आणि नेमकं तेव्हाच घट्ट ऑईलमुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. उन्हाळ्यात कशीबशी चाललेली जुनी बॅटरी पहिल्या कडक थंडीत हार मानते.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मीटर लावा. १२.६ व्होल्ट किंवा वर असेल तर पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे पाऊणच्या आसपास, १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा किती कोसळतो ते पाहा. ९.५ च्या बराच खाली जात असेल तर बॅटरी दमली आहे, नाहीतर टर्मिनल सैल किंवा बुरसटलेली आहेत. पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर आधी ती साफ करा. बॅटरी बदलायच्या बऱ्याच सल्ल्यांचं मूळ त्या भुकटीत असतं.

नवी घेताना सीसीए बघा: उणे १८ अंशांना, ३० सेकंद, व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाऊ देता बॅटरी किती अँपिअर देऊ शकते याचा तो आकडा. कंपनीने सांगितलेल्यापेक्षा कमी नको. युरोपियन मोजणीची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे दोन बॅटऱ्यांची तुलना एकाच मानकावर करा.

आणखी एक. रोज जेमतेम दोन-तीन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीची बॅटरी हिवाळ्यात कधीच पूर्ण भरत नाही. तिला अधूनमधून चार्जर लावावा.

जंप स्टार्ट कसं करायचं?

दोन्ही गाड्या बंद. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी आधी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं शेवटचं टोक अडलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो, म्हणून लांब. मदतीची गाडी चालू करून पाच-दहा मिनिटं चार्ज होऊ द्या, मग ग्लो प्लग तापवून सेल्फ मारा. काढताना उलट क्रम. केबल जाड हवी. पेट्रोल गाडीला चालणारी बारीक केबल डिझेलच्या स्टार्टरला पुरत नाही. ट्रकच्या २४ व्होल्टवर कार जोडू नका.

बॅटरी फुगलेली किंवा आतून गोठलेली वाटली तर जंपही नको आणि चार्जरही, ती फुटू शकते. पूर्ण उतरलेली बॅटरी उणे दहाच्या अलीकडेच गोठू शकते. पूर्ण भरलेली उणे ५० ला देखील शाबूत राहते.

एका वेळी किती सेकंद सेल्फ मारावा?

दहा सेकंद, मग निदान अर्धा ते एक मिनिट विश्रांती. त्या वेळात स्टार्टर थंड होतो आणि बॅटरी थोडी सावरते. मॅन्युअल गाडीत क्लच पूर्ण दाबून ठेवा, म्हणजे गिअरबॉक्समधलं घट्ट तेल ढवळायचं ओझं स्टार्टरवर येणार नाही. एसी, सीट हीटर, काचेचा हीटर, दिवे सगळं बंद. एक्सिलरेटर पंप करून कॉमन रेल गाडीत काही साधत नाही.

तीन-चार प्रयत्नांत झालं नाही तर थांबा आणि वरच्या आवाजांकडे परत जा.

स्टार्टिंग स्प्रे मारला तर?

ग्लो प्लग असलेल्या इंजिनात नाही. स्प्रेमधलं ईथर १६० अंशांच्या आसपासच स्वतःहून पेटतं आणि ग्लो प्लगची टोकं त्याच्या कितीतरी पट तापलेली असतात. पिस्टन वर येत असतानाच स्फोट होतो. रिंगा तुटतात, पिस्टन फुटतो, कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा इंजिनाला मग स्प्रेची सवय लागते, असं मेकॅनिक म्हणतात. खरं कारण म्हणजे प्रत्येक स्प्रेने कॉम्प्रेशन आणखी गेलेलं असतं.

इंजिन ऑईल बदलून फरक पडतो का?

मोठा. ऑईलच्या ग्रेडमध्ये डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतली वागणूक सांगतो. १५डब्ल्यू ऑईलची सेल्फ मारण्यायोग्य घट्टपणाची चाचणी उणे २० अंशांना होते, १०डब्ल्यूची उणे २५ ला, ५डब्ल्यूची उणे ३० ला आणि ०डब्ल्यूची उणे ३५ ला. आकडा कमी तितकं थंडीत पातळ. पण पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडच्या बाहेर जाऊ नका, आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीला कमी राख सोडणारं, त्यासाठीच मंजूर असलेलं ऑईल लागतं.

ब्लॉक हीटर लावून घ्यावा का?

महिनोन्महिने उणे १५-२० च्या खाली राहणाऱ्या ठिकाणी गाडी उघड्यावर उभी राहत असेल, तर माझ्या मते हा सगळ्यात शहाणा खर्च आहे. विजेवर चालणारा, साधारण ४०० ते १००० वॉटचा हा हीटर कूलंट गरम करतो. टायमर लावून निघण्याआधी दोन-तीन तास चालू केला की पुरतो, रात्रभर ठेवायची गरज नाही. वीज नसेल तिथे गाडीतलंच डिझेल जाळणारा पार्किंग हीटर असतो. तो बंद गॅरेजमध्ये चालवू नका, कार्बन मोनॉक्साइड साचतो. एक मात्र लक्षात असू द्या: ब्लॉक हीटर इंजिन गरम करतो, टाकी आणि फिल्टर नाही. मेणाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

धक्का मारून चालू करता येईल?

ऑटोमॅटिक गाडी नाही. मॅन्युअल असेल तरी बर्फावर चाकं इंजिन फिरवण्याऐवजी घसरतात, आणि बॅटरी पार उतरलेली असेल तर ग्लो प्लग, कंट्रोल युनिट आणि इंजेक्टर यांना वीज कुठून मिळणार? जंप केबल शोधा.

चालू झाल्यावर पांढरा धूर आणि खडखड येते. बिघाड आहे का?

एक-दोन मिनिटांत गेली तर नाही. धूर म्हणजे न जळलेलं डिझेल आणि वाफ. खडखड यासाठी की थंड सिलिंडरमध्ये डिझेल पेटायला उशीर होतो आणि मग साचलेलं सगळं एकदम पेटतं. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला, त्याला गोडसर वास असला आणि कूलंटची पातळी उतरत असली, तर हेड गॅस्केट तपासून घ्या.

जागेवर उभी ठेवून गरम करू की लगेच निघू?

अर्धं-एक मिनिट थांबा, ऑईलला टर्बोपर्यंत पोहोचू द्या, काचा पूर्ण साफ करा आणि निघा. डिझेल इंजिन रिकामं चालताना इतकी कमी उष्णता देतं की अर्धा तास उभं ठेवलं तरी सुई जेमतेम हलते, डीपीएफमध्ये काजळी मात्र साचत जाते. पहिले काही किलोमीटर दोन हजार आरपीएमच्या आसपास ठेवा. लगेच रेस करू नका.

कूलंट आणि ॲडब्लू गोठतात का?

कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते उणे ३७ अंशांच्या आसपास गोठतं. नुसतं ग्लायकॉल भरणं उलटं पडतं, ते उणे १३ च्या आसपासच गोठतं. उन्हाळ्यात गळती झाली म्हणून साधं पाणी भरत राहिला असाल तर हिवाळ्याआधी कूलंट टेस्टरने प्रमाण बघून घ्या. आत बर्फ झाला तर ब्लॉक तडकतो.

ॲडब्लू, म्हणजे धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचं युरियाचं द्रावण, उणे ११ अंशांना गोठतं, पण त्याने गाडी चालू व्हायची थांबत नाही. टाकीत हीटर असतो, चालता-चालता ते वितळतं. गोठताना ते फुगतं, म्हणून टाकी गळ्यापर्यंत भरू नका.

रात्री गाडी लावताना काय काळजी घ्यावी?

वाऱ्याच्या आड, शक्य तर भिंतीलगत लावा. वारा गाडीला हवेपेक्षा थंड करत नाही, पण इंजिनाची ऊब लवकर पळवतो. बंद करण्यापूर्वी दिवे, पंखा, काचेचा हीटर हाताने बंद करा, म्हणजे सकाळी चावी फिरवताच ते करंट ओढणार नाहीत. बॅटरी जुनी असेल आणि गाडीचे इलेक्ट्रॉनिक्स फार नाजूक नसतील, तर ती काढून घरात ठेवणं हा गावठी पण खात्रीचा उपाय आहे. मात्र रेडिओचा कोड आणि खिडक्यांची सेटिंग जाऊ शकते.

ओल्या रस्त्यावरून आला असाल तर केबलचा हँडब्रेक ओढून ठेवू नका, तो रात्रीत गोठून बसतो. सपाट जागा बघा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला ठोकळा लावा. सकाळी सेल्फ मारण्याआधी ती गिअरमध्ये आहे हे विसरू नका.